ग्लिसरीन

त्या वर्षी नोव्हेंबर सरला तरी बर्फच पडेना.
सिनेमावाले स्टॉकहोमहून दोन ट्रक भरून आलेले,
आणि त्यांना आमच्या गल्लीत हिवाळा हवा होता,
गुडघाभर.
मग लाकूडगिरणीतून भुशाची पोती आली,
त्यावर मीठ पसरलं,
आणि दुपारपर्यंत आमचं क्राम्फोर्स
भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसायला लागलं.
मांजरं तेवढी फसली नाहीत.

माझ्या भावाला, एस्कीलला, त्यांनी शाळेच्या रांगेतून उचललं.
नऊ वर्षांचा, कान पुढे आलेले.
बँक मॅनेजरचा मुलगा त्याच्याहून देखणा होता,
पण "हा गप्प छान बसतो," दिग्दर्शक म्हणाला.
गप्प बसणं आमच्या घरी
त्या वर्षी उदंड पिकलं होतं.

सिनेमात एक जेवणाचं टेबल होतं.
उकडलेले बटाटे, खारवलेला मासा, चार मेणबत्त्या.
बाप उठायचा, राखाडी हॅट घालायचा,
दार ओढून घ्यायचा.
मग मुलानं रडायचं.
एवढंच काम.

सतरा वेळा बाप गेला.
सतरा वेळा बटाट्यांना पुन्हा वाफ आणली.
एस्कील नुसता दाराकडे बघत राहिला,
डोळे कोरडे ठक्क.
"तुझं कुत्रं मेलंय असं समज," कुणीतरी सुचवलं.
"आमच्याकडे कुत्रं नाहीये."

मी पाच वर्षांची, वायरींच्या वेटोळ्यावर बसलेली,
मनातल्या मनात त्याला म्हणत होते,
अरे, सांग ना त्यांना,
आमचे पप्पा असेच गेले की मार्चमध्ये,
फक्त हॅट नव्हती, कानटोपी होती,
आणि दार त्यांनी ओढलंसुद्धा नाही,
आईनं उठून लावलं,
वारा येत होता म्हणून.

शेवटी मेकअपच्या सिग्नेबाईंनी ड्रॉपर काढला.
ग्लिसरीनचा एक थेंब, डाव्या डोळ्याखाली.
तो ओघळायलाही आळशी,
गालाच्या मध्यावर येऊन थबकला,
दिव्यात चकाकला,
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

निघायच्या दिवशी हॅट सापडेना.
ट्रक उपसले, पेट्या उलट्या केल्या.
हॅट आमच्या घरात होती,
दाराजवळच्या तिसऱ्या खुंटीवर,
जी मार्चपासून रिकामी होती.
मी पाहिली, आईनं पाहिली,
कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी तो सिनेमातला बाप स्वतःच आला,
बुटांवरचा भुसा झटकत.
आईनं कॉफी दिली, वेलचीचा पाव दिला.
उठताना त्याची नजर खुंटीवर गेली,
मग एस्कीलवर.
एस्कील पावाचे तुकडे मोजत होता.
"बाहेर थंडी आहे," आई म्हणाली.
"तितकीशी नाही," म्हणाला तो
आणि उघड्या डोक्यानंच निघून गेला.
दार त्यानं हळूच लावून घेतलं.

पुढच्या शरद ऋतूत
कामगार भवनात सिनेमा लागला.
आम्ही तिघं दुसऱ्या रांगेत,
आईनं निळा कोट घातलेला.
पडद्यावर तो थेंब आला, खोलीएवढा मोठा,
आणि हॉलभर नाकं शिंकरण्याचे आवाज,
गिरणीच्या मुकादमाचं सगळ्यात मोठं.

आई रडली नाही.
अंधारात तिचा हात मला ओलांडून गेला,
एस्कीलच्या गालावर पोचला,
आणि अंगठ्यानं तिनं तो पुसला.
गाल कोरडा होता.
तिनं पुन्हा पुसला.

आता एस्कील शहात्तरचा.
नाताळात टीव्हीवर दरवर्षी तो सिनेमा लागतो,
नातवंडं ओरडतात, आजोबा, तुम्ही, तुम्ही!
टेबल येतं, चार मेणबत्त्या येतात,
बाप हॅटकडे हात नेतो,
आणि एस्कील खुर्चीतून उठतो,
बटाटे बघून येतो म्हणतो.

बटाटे कधीचेच शिजलेले असतात.